थांबण्याची विद्या

महाभारतातील नलोपाख्यान शिकविताना एका प्रसंगापाशी आम्ही वर्षानुवर्षे रेंगाळत आलो. ऋतुपर्ण राजा बाहुकाच्या रथात बसून विदर्भाकडे निघाला आहे. वाऱ्याने त्याचे उत्तरीय उडून खाली पडते. रथ अंमळ थांबव, वार्ष्णेय ते उचलून आणील, असे राजा म्हणतो. आणि बाहुकरूपी नल उत्तर देतो की, ते वस्त्र आता एक योजन मागे राहिले! वर्गातील मुले येथे हटकून खूश होत. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, मग हा रथ थांबत कसा असेल?’’ सर्व वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि ‘‘ज्यास पळविता येते त्यास थांबविताही येते’’ असे काहीसे उत्तर देऊन पुढील श्लोकाकडे वळलो. ते उत्तर चुकीचे होते. हे समजावयास आम्हांस ताम्हिणीच्या घाटात जावे लागले.

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे, हे या सदराच्या नित्य वाचकांस ठाऊक आहेच. तीर्थरूपांनी नंबर लावून, पुष्कळ वर्षे वाट पाहून, १९६८ साली घेतलेली ही फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. याच गाडीचे पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व मग १९७४ पासून ‘पद्मिनी’ असे नामांतर झाले, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने दोन पिढ्यांस वाहून नेले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली. आमची गाडी राहिली, कारण तिला टॅक्सीसारखे राबावे लागले नाही. वाडा पडला, त्या जागी चार मजली इमारत झाली. मात्र चूल अजून एकच आहे आणि गाडीही एकच आहे. ती चालविण्याचा मान आमच्या थोरल्या बंधूंचा. दादांचे वय आज एकोणऐंशी.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात हरिहरेश्वरास जाण्याचे ठरले. गाडीत दादा, वहिनी, आम्ही आणि दादांची नात अशी चार माणसे. शिवाय फराळाचे डबे, सोवळ्याचे गाठोडे व पाण्याचे कॅन. मुळशी मागे पडली, ताम्हिणीचा उतार लागला. दादांस तीर्थरूपांपासूनची एक सवय आहे: पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी चौथ्या गिअरात, आणि कधी कधी न्यूट्रलमध्येच, सोडून द्यावयाची व ब्रेकवर पाय ठेवून उतरावयाचे. पेट्रोल रेशनासारखे जपून वापरण्याच्या दिवसांत अर्ध्या पुण्यास ही सवय होती. निम्मा घाट उतरून झाल्यावर जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. आम्ही तो रस्त्याच्या डांबराचा मानला. पुढच्या वळणावर समोरून एस. टी. आली आणि दादांनी ब्रेक दाबला, तो त्यांचा पाय थेट तळास जाऊन टेकला. गाडी थांबली नाही. दादांनी पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा ओढून कसाबसा दुसरा गिअर घातला, हँडब्रेक खेचला, आणि गाडी डोंगराकडच्या गटारात डावे चाक घालून उभी राहिली. दरी उजव्या बाजूस होती. कोणी काही बोलले नाही. वहिनींच्या मांडीवरचा डबा उलटून गाडीभर चिवडा झाला होता, तेवढाच काय तो अपघात.

अर्ध्या तासाने दादांनी पुन्हा ब्रेक दाबून पाहिला, तर तो पूर्वीसारखा घट्ट! नातीने विचारले, ‘‘आजोबा, हा बरा कसा झाला?’’ दादा म्हणाले, ‘‘दमला होता बिचारा.’’ आम्हांस तेव्हा ते थट्टेचे उत्तर वाटले. घरी आल्यावर आमच्या इंजिनियर पुतण्याने जे समजाविले त्यावरून ते बरेचसे खरे होते असे दिसते.

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही. तो त्याची उष्णता करतो. चार माणसांसह आमची गाडी सुमारे १२०० किलो भरेल. ती ताशी ६० किलोमीटर वेगात असता एकदा थांबविली की, तेवढ्याने अर्धा लिटर पाणी उकळेल, म्हणजे चार जणांच्या चहाचे आधण होईल, इतकी उष्णता उत्पन्न होते. सपाटीवर हे क्षम्य आहे; पुढच्या चौकापर्यंत ती हवेत निघून जाते. आता घाटाचा हिशेब पाहा. उतार ५०० मीटर उंचीचा धरला, तर तेवढे खाली येताना जी ऊर्जा निघते तिने अठरा लिटरांहून अधिक पाणी, म्हणजे स्नानाची एक मोठी बादली, गार असलेली उकळेल. गाडी खालच्या गिअरात असेल तर यातील मोठा वाटा इंजिन आपल्याकडे घेते. आम्ही चौथ्या गिअरात व न्यूट्रलमध्ये उतरलो होतो, त्यामुळे जवळजवळ सर्व बंब चार ब्रेकांवर पेटला होता.

आमच्या गाडीस चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी पातेले. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू, त्यांवर लायनर. पाय दाबला की पायाशी असलेल्या मास्टर सिलिंडरातील द्रव बारीक नळ्यांतून चाकांकडे ढकलला जातो आणि शू पसरून आतून ड्रमवर घासतात. हे सर्व झाकणाखाली घडत असल्यामुळे उष्णता कोंडते. लायनर तापला की त्याची पकड कमी होते. पातेले तापून मोठे होते व शूपासून दूर सरते. पण एवढ्याने पाय तळाला जात नाही. त्याचे कारण निराळे होते. ज्यास आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते वस्तुतः तेल नव्हे. तो हवेतील ओलावा पिणारा एक द्रव आहे. ताजे असता साधे ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच पाणी प्यालेले असेल तर ही मर्यादा १४० अंशांवर येते. आमच्या गाडीतील ऑइल किती वर्षांचे होते हे विचारल्यावर दादा बराच वेळ छताकडे पाहत राहिले. नळीतील द्रव उकळला की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय रिकामाच खाली गेला. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि ब्रेक ‘बरा’ झाला. ज्या आमच्या वाचकांकडे कोणतीही गाडी आहे, मग ती गेल्या वर्षीची का असेना, त्यांनी हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. त्यास फार खर्च येत नाही.

त्या रात्री घरात जी सभा भरली तिचा वृत्तांत सविस्तर देण्याजोगा नाही. वहिनींचे म्हणणे थोडक्यात असे: ‘‘भाऊजी, गाडी थांबत नसेल तर ती घरातच थांबू द्या.’’ दादांचे म्हणणे असे की, छप्पन वर्षे जे ब्रेक चालले ते ऑइल बदलून आणखी चालतील, आणि बाबांच्या गाडीस परके अवयव नकोत. पुतण्याचे म्हणणे की, पुढच्या दोन चाकांस डिस्क ब्रेक बसवावेत. आमचे मत विचारले गेले, तेव्हा आम्ही पुतण्याच्या बाजूने बोललो, आणि जरा अधिकच बोललो.

कारण डिस्क ब्रेकचा पक्ष खरोखर बळकट आहे. उघडी लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरावयाचे, ही कल्पना काही आजची नव्हे; इंग्लंडात लँचेस्टर याने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार गाडी डिस्कच्या जोरावर जिंकली आणि १९५५ च्या सित्रोएन डीएसने त्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणल्या. तबकडी हवेत उघडी असल्याने लवकर निवते. तापून फुगली तरी चिमट्याच्या बाजूसच फुगते, दूर जात नाही. परंतु दादांस पटलेला मुद्दा निराळाच होता. पुतण्याने दाखवून दिले की, खुद्द इटलीत या गाडीची जी पुढची आवृत्ती, फियाट ११०० आर, १९६६ साली निघाली, तिच्या पुढील चाकांस कंपनीनेच डिस्क लाविल्या होत्या. म्हणजे आमची गाडी घेतली त्यापूर्वी दोन वर्षे तिच्या माहेरी ही सुधारणा झालेली होती. ‘‘मग ते परके नव्हे,’’ दादा म्हणाले, ‘‘मावसभाऊच झाले.’’ संमती मिळाली.

उपनगरातील एका गॅरेजने काम घेतले. एका लहान मोटारीच्या डिस्क व कॅलिपर घेऊन, मध्ये लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून, ते आठ दिवसांत बसवून दिले. गाडी घरी आली, पुढच्या चाकांच्या फटींतून तबकड्या चकाकत होत्या, नातीने फोटो काढले. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर दादांनी पन्नासचा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. पाय दगडावर ठेवल्यासारखा कठीण. दादांनी गुडघ्याच्या दुखण्यासह सर्व बळ लाविले, तेव्हा गाडीने नाक जमिनीकडे खुपसले, मागचा भाग उचलल्यासारखा झाला, आणि स्टिअरिंग दादांच्या हातांतून हिसडा मारून डावीकडे फिरले. डावीकडे दूधवाल्याची सायकल होती. ती आणि तिचा धनी केवळ दोन हातांनी वाचले. पाच-सहा किलोमीटर चालून घरी आलो, तेव्हा पुढच्या चाकांजवळ हात धरवत नव्हता. ताम्हिणीत ब्रेक लागला नाही म्हणून जीव धोक्यात आला होता. येथे तो लागला म्हणून आला. गॅरेजचे म्हणणे, ‘‘अलाइनमेंट करून घ्या.’’ आम्ही केली. डावीकडची ओढ तशीच राहिली. गाडी दीड महिना झाकून ठेविली गेली, आणि त्या दीड महिन्यात दादा आमच्याशी मोजकेच बोलले.

शेवटी नाना पेठेतील सुट्या भागांच्या एका दुकानदाराने एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सांगितले. त्यांचा सर्व जन्म याच गाड्यांच्या पोटाखाली गेलेला. त्यांनी ब्रेककडे पाहिलेच नाही. प्रथम त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. सुस्थितीतील गाडी एकदा वर येऊन स्वस्थ बसते. आमची गाडी कीर्तनातील टाळकऱ्यासारखी डोलत राहिली. मग जॅक लावून त्यांनी डावे चाक वर-खाली धरून हालविले. ‘टक्, टक्’ असा आवाज आला. ‘‘मास्तर, ऐकलंत? किंगपिन गेलाय. बुश गेलेत. स्टिअरिंगचे सांधेही खातायत. यावर तुम्ही डिस्क लावलीत. म्हाताऱ्या बैलाला नवा चाबूक आणलात.’’ आमच्याकडे पाहून ते पुढे म्हणाले, ‘‘ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर. आणि टायरला रस्त्यावर धरून ठेवतात ते हे सगळे, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही.’’

आम्ही सभेत जे पांडित्य केले होते, त्यात या भागाचा उच्चारही नव्हता. डिस्क डोळ्यांस दिसते, तिचे नाव सांगता येते, शेजाऱ्यास दाखविता येते. बुश म्हणजे रबराची काळी बांगडी. तिच्यावर पैसे खर्च करावयाचे तर घरातील कोणाचेही मन होत नाही. आम्ही पदरमोड केली ती दिसणाऱ्या वस्तूवर. मिस्त्रींचे म्हणणे ऐकत असता हे आमच्या चांगलेच लक्षात आले, आणि दादांच्याही आले असावे. पण ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

या गाडीची बैठक अशी आहे. पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र. प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आडव्या भुजांनी धरलेले, आणि मध्ये गुंडाळीची स्प्रिंग. चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळते ती किंगपिन. मागे अखंड ॲक्सल, आणि तो लांबोडक्या कमानी पाट्यांवर टांगलेला. शिवाय चारही ठिकाणी शॉक ॲब्झॉर्बर. हे शेवटचे नाव फसवे आहे. धक्का पोटात घेते ती स्प्रिंग. परंतु ती तो विसरत नाही, परत परत उसळून सांगत राहते. शॉक ॲब्झॉर्बर आपल्या पोटातील तेल बारीक छिद्रांतून ढकलून ती उसळी जिरवितो. तो निकामी झाला की चाक खडबडीत रस्त्यावर नाचू लागते, आणि जितका वेळ टायर हवेत तितका वेळ ब्रेक दाबून उपयोग शून्य. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे जातो. पुढच्या स्प्रिंगा खचलेल्या असतील तर नाक अधिकच खाली बसते, मागची चाके हलकी होतात, आणि हलके झालेले चाक चटकन अडकते. मागची चाके अडकली की गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. डावीकडच्या ओढीचे कारण याहून सरळ होते. ब्रेक लागताच डावे चाक मागे रेटले जाई, आणि झिजलेल्या बुशांत व किंगपिनात जेवढी मोकळीक होती तेवढे ते आपली दिशा बदली. ड्रमचे ब्रेक सौम्य होते तोवर हे झाकले गेले; डिस्कने जोर लाविला तेव्हा उघडे पडले. संस्कृत व्याकरणात संधी म्हणजे दोन वर्णांनी मध्ये जागा न सोडता एक होणे. आमच्या गाडीच्या संधींत विसर्ग शिरला होता.

मिस्त्रींनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढविली आणि ती तीन आठवडे तशीच होती. आम्ही निवृत्त, तेव्हा रोज दुपारी जाऊन बसत असू. किंगपिन नवे ठोकून बसविले की झाले अशी आमची समजूत होती, तसे नाही. आतील पितळी बुश ठोकल्यावर त्यांत रीमर फिरवून, एका वेळी केसभर धातू काढीत, पिन हाताच्या दाबाने फिरेल पण हलणार नाही, इतके जुळवावे लागते. एका बाजूस त्यांना अख्खी दुपार लागली. पुढच्या दोन स्प्रिंगा जमिनीवर शेजारी उभ्या केल्या, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची बोटभर बुटकी निघाली. छप्पन वर्षे दादा त्याच बाजूस बसले आहेत, हे वहिनींनी ऐकताच काय म्हटले ते येथे लिहीत नाही. एकच स्प्रिंग बदलून चालत नाही. जोडीने बदलावी लागते.

मागचे पाटे सोडविले, तेव्हा एका पाट्यास मधल्या बोल्टाच्या भोकापाशी चीर होती. ती गंजाखाली दडलेली. मिस्त्रींनी रॉकेलने धुऊन, पुसून, वर खडू घासला, तेव्हा तेलाची बारीक काळी रेघ उमटली. हे पाहून आमच्या पोटात गोळा आला, कारण हाच पाटा घेऊन आम्ही ताम्हिणीत गेलो होतो. तो पाटा नवा घातला, बाकीच्यांना कमान परत दिली, मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस भरले, यू-बोल्ट नवे घेतले.

एक गोष्ट आम्ही विशेष टिपून ठेविली, कारण ती न केल्याने नवे काम सहा महिन्यांत वाया जाते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असता पुरते आवळावयाचे नाहीत. ते सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करावयाची, आत माणसे बसवावयाची, आणि मग आवळावयाचे. रबर त्या वेळी ज्या स्थितीत असेल तीच त्याची विश्रांती ठरते. लोंबकळत्या स्थितीत आवळले, तर गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते व फाटते. त्याप्रमाणे दादा, पुतण्या व आम्ही गाडीत बसलो आणि मिस्त्री खाली पान्हा घेऊन शिरले. वहिनींस मागील आसनावर बसण्याची विनंती केली; त्यांनी ती मान्य केली नाही.

हे झाल्यावर मग ब्रेक. मिस्त्रींनी डिस्क काढून टाकल्या नाहीत. त्या ठेवण्याजोग्या केल्या. ड्रममध्ये एक गुण असा असतो की, फिरणारे पातेले पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून अधिक घट्ट दाबते, म्हणजे ब्रेक स्वतःलाच मदत करतो. डिस्कला ही मदत नाही. म्हणून पायाचा जोर तिप्पट वाटत होता. इंजिनाच्या शोषणावर चालणारा बूस्टर बसविल्यावर दादांच्या गुडघ्याचा प्रश्न मिटला. चाके तापत होती त्याचे कारण जुना मास्टर सिलिंडर. ड्रमच्या नळ्यांत थोडा दाब सदैव राहावा म्हणून त्यात एक झडप असते. डिस्कला तो दाब नको. त्याने चिमटा सुटतच नाही आणि गाडी ब्रेक लावूनच चालते. ती झडप पुढच्या चाकांसाठी नसलेला, दोन कप्प्यांचा नवा मास्टर सिलिंडर घातला. जुन्यात एकच कप्पा होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आता पुढचे व मागचे निरनिराळे, एक जोडी गेली तरी दुसरी राहते. आमच्या मते डिस्कपेक्षाही ही सुधारणा मोलाची आहे, आणि ज्यांस डिस्क लावावयाच्या नाहीत त्यांनीही ही करून घ्यावी. मागे ड्रमच ठेविले; ते लेथवर हलके कातून घेतले, लायनर बदलले, आणि मागे जाणारा दाब मर्यादित करणारी एक झडप मध्ये घालून पुढचे-मागचे प्रमाण साधले. रबरी होज बाहेरून ठीक दिसत होत्या. कापून पाहिल्या तर आतून सुजून वाट काडीएवढी राहिली होती. जुन्या लायनरांचा भुगा मिस्त्रींनी फुंकू दिला नाही, ओल्या फडक्याने पुसला. त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे व ते फुफ्फुसांस घातक आहे.

कायद्याची बाजूही सांगावयास हवी. पन्नास वर्षांवरील गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद करण्याची सोय केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी झाली आहे. नातीची तशी फार इच्छा होती. परंतु तशी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि ती प्रदर्शन, रॅली वगैरे कारणांखेरीज रस्त्यावर नेता येत नाही. कुलदैवतास जाणे त्या यादीत नाही. म्हणून साधी नोंदच ठेविली, आणि फेरफाराविषयी परिवहन कार्यालयात अगोदर विचारून घेतले. दादांची अट मात्र अशी होती की, मूळ लोखंडास कोठेही कापावयाचे वा सांधावयाचे नाही. जे बसेल ते बोल्टांनी बसेल. ती आम्हांस तेव्हा हट्टाची वाटली, आता शहाणपणाची वाटते. जुने ड्रम, शू, सिलिंडर व ती एक बुटकी स्प्रिंग तेल लावून, कागदात गुंडाळून, नावाच्या चिठ्ठ्या लावून तीर्थरूपांच्या शिसवी पेटीत ठेविली आहेत. पुढे कोणास मूळ गाडी हवी असेल तर एका दिवसात ती होईल.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा निघालो. निघण्याच्या वेळी दादांनी किल्ली नातीच्या हातावर ठेविली व स्वतः शेजारच्या आसनावर बसले. याविषयी घरात पूर्वी काहीही बोलणे झाले नव्हते. वहिनी आल्या, कशा आल्या ते सांगत नाही. घाटमाथ्यावर दादांनी एवढेच सांगितले, ‘‘ज्या गिअरात चढतेस त्याच गिअरात उतर.’’ नात दुसऱ्या गिअरात, इंजिनाच्या घरघराटात, सावकाश उतरली. मागे दोन मोटारींनी हॉर्न वाजविले, तिने त्यांस वाट दिली. त्या वळणापाशी आलो तेव्हा आम्ही मागून पाहिले. दादांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट रोवलेला होता, जेथे ब्रेक नव्हता. तिने आपला ब्रेक हलकेच दाबला. गाडीने मान किंचित लवविली आणि ती सरळ रेषेत मंद झाली. खाली विळ्याच्या फाट्यावर उतरून दादांनी चाकाजवळ हाताची पाठ धरली, बराच वेळ धरली, आणि चहा मागविला.

पाट्यांचे यू-बोल्ट ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळून घ्यावे, असे मिस्त्रींनी बजावले आहे. आम्ही विसरलो होतो. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर वहिनींनी त्या तारखेभोवती खूण करून ठेविलेली काल आमच्या दृष्टीस पडली.